दोनशे फाइलींची साफसफाई आणि हरवलेला अर्धा र

पार्श्वभूमी

एक लहान मराठी नियतकालिक. चालवणारे सगळे स्वयंसेवक. गेल्या काही वर्षांचे अंक जालावर होते आणि ते नव्या मांडणीत हलवायचे होते. लेख, कथा, कविता, परीक्षणं धरून साधारण २०० फाइली, सगळ्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मजकुराभोवती टॅग नावाच्या खुणा घालून वेबपान लिहिण्याच्या पद्धतीत. संपादिकाताईंना मजकुराची खडान्‌खडा माहिती, पण टॅगांशी कधी संबंध आलेला नाही. मला टॅग कळतात, फाइंड-रिप्लेसची सवय आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ओळख पटेल असे तपशील वगळून ते कसं घडलं, कुठे चुकलं आणि कुठे सावरलं ते इथे मांडतो.

टॅगांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. फाइंडच्या चौकटीत ती रोमनमध्येच टाकायची.

नेमकं बिघडलं काय होतं

नव्या मांडणीत एकाच लेखातले दोन परिच्छेद दोन वेगळ्या फॉन्टमध्ये दिसायचे. ओळींमधलं अंतर कुठे दाट, कुठे विरळ. मोबाइलवर काही लेख पडद्याबाहेर जायचे. फाइल उघडली की कारण कळायचं: मजकुरापेक्षा टॅगच जास्त. प्रत्येक परिच्छेदाला वर्डने दिलेला 'एमएसओ'ने सुरू होणारा क्लास (टॅगाला सजावटीसाठी दिलेलं नाव), प्रत्येक वाक्याभोवती दोन-तीन स्पॅन (मजकुराचा तुकडा वेगळा करणारा टॅग), प्रत्येक स्पॅनवर फॉन्ट, आकार, रंग पुन्हा पुन्हा लिहिलेला.

हा सगळा गुंता एका जातीचा नव्हता, आणि हे मला उशिरा लक्षात आलं. फाइली तीन वाटांनी आल्या होत्या. काही वर्डमधून थेट एचटीएमएल म्हणून साठवलेल्या, काही गूगल डॉक्समधून चिकटवलेल्या, आणि सर्वांत जुन्या कुठल्यातरी दृश्य एडिटरमधून आलेल्या, ज्यांत 'फॉन्ट' हा टॅग जागोजागी होता. प्रत्येकाची घाण वेगळी. वर्डच्या फाइलींत ॲट्रिब्यूटच्या (टॅगात लिहिलेल्या जादा माहितीच्या) किमतीला कधी एकेरी अवतरणचिन्ह, कधी काहीच नाही. दुहेरी अवतरणचिन्ह धरून लिहिलेला माझा पहिला पॅटर्न (शोधायचा साचा) तिथे एकही जागा शोधू शकला नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ताईंनीच सुचवला: "सगळा मजकूर साधा कॉपी करून पुन्हा सजवू या का? मी बसते." काम निश्चित झालं असतं, पण तिरपे शब्द, दुवे, तळटीपा सगळं एकदम पुसलं गेलं असतं आणि ते परत आणायला २०० लेख मूळ प्रतींशी ताडून वाचावे लागले असते. काही लेखांच्या मूळ प्रती उरल्याच नव्हत्या.

दुसरा पर्याय एचटीएमएल टायडी, हे एचटीएमएल नीटनेटकं करणारं साधन. वर्डची घाण काढण्यासाठी त्यात खास सोय आहे, बंद न केलेले टॅगही ते बंद करतं. पण ठळक केलेला एकाकी परिच्छेद हे खरं तर उपशीर्षक आहे, हे त्याला कसं कळणार? ते फक्त मांडणी दुरुस्त करतं.

तिसरा पर्याय पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप (एचटीएमएल वाचणारी लायब्ररी) वापरून स्क्रिप्ट लिहायची. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत योग्य होता. एचटीएमएलमध्ये टॅगाच्या पोटात टॅग असतात, आणि कुठला बंद होणारा टॅग कुठल्या उघडणाऱ्याचा हे पार्सरला, म्हणजे टॅगांची रचना समजून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, माहीत असतं. रेग्युलर एक्सप्रेशनला (साच्याने मजकूर शोधायची रीत, थोडक्यात रेजेक्स) ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने फाइल म्हणजे अक्षरांची सरळ माळ.

तरीही मी चौथा पर्याय निवडला: नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर आणि रेजेक्स वापरून फाइंड-रिप्लेस. एक तर माझा हात तिथे बसलेला होता. दुसरं, ताईंना शेजारी बसून पडद्यावर काय बदलतंय ते दिसणार होतं. स्क्रिप्टच्या पोटात काय चाललंय ते त्यांना दिसलं नसतं. दुसरं कारण आजही मला पटतं. पहिलं कारण म्हणजे सवयीला दिलेली पसंती होती, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत मी फोल्डरवर एकदम 'रिप्लेस इन फाइल्स' चालवलं. विचार साधा होता: सगळे स्टाइल ॲट्रिब्यूट उडवा, सगळे क्लास उडवा, स्पॅन आणि फॉन्ट टॅग उडवा, मग मोकळ्या जागा आवरा. चार-पाच बदल, तासाभराचं काम.

पहिल्याच बदलानंतर गूगल डॉक्सवाल्या गटातले बरेच लेख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ठळक झाले. कारण समजायला वेळ लागला. गूगल डॉक्समधून चिकटवलेला मजकूर बऱ्याचदा एका मोठ्या 'बी' टॅगात गुंडाळलेला येतो. बी म्हणजे ठळक. पण त्याच टॅगावर 'अक्षरांची जाडी नेहमीसारखी' अशी स्टाइल असते, म्हणून एरवी काही दिसत नाही. स्टाइल काढली की बी तेवढा उरतो. उलट, लेखकाने खरोखर ठळक केलेले शब्द तिथे स्पॅनमध्ये असतात आणि त्यांची जाडी ७०० अशी स्टाइलमध्येच लिहिलेली असते. म्हणजे ठळक नको होतं ते ठळक झालं आणि हवं होतं ते साधं झालं, दोन्ही एकाच रिप्लेसमुळे.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. दिसणारी चूक लगेच मिटवायची घाई झाली आणि मी सगळे बी टॅग उडवायला पॅटर्न लिहिला: <बी[^>]*>. म्हणजे बीने सुरू होणारं आणि पहिल्या > पर्यंत जाणारं काहीही. देवनागरीत हे निरुपद्रवी दिसतं, रोमनमध्ये नाही. ओळ तोडणारा बीआर, बॉडी, ब्लॉककोट, या सगळ्यांची सुरुवात त्याच एका अक्षराने होते. सगळे गेले. कवितांच्या ओळी एकमेकींना चिकटून गद्याचे लांबलचक परिच्छेद झाले. टॅगाचं नाव तिथेच संपतं हे सांगणारी शब्दसीमेची खूण नावानंतर लावली असती तर हे झालं नसतं.

तिसरी चूक लक्षात यायला आणखी दोन दिवस गेले. मजकुरात जागोजागी अदृश्य अक्षरं होती: न तुटणारी मोकळी जागा, शून्य रुंदीची जागा, मऊ जोडरेघ. ही कॉपी-पेस्टमधून येतात आणि शोध बिघडवतात. म्हणून मी अदृश्य अक्षरांचा एक संच करून ती सगळी सरसकट काढून टाकली. दोन दिवसांनी ताईंचा निरोप आला: "एका लेखात सगळीकडे 'दुसर्या', 'सार्या' असं झालंय. तू काही बदललंस का?"

मराठीत 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्या' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ आणि त्यानंतर हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक असतो, ज्याचा युनिकोड क्रमांक २००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या संचात हा जोडक होता. तो गेला की उरतो साधा र आणि हलन्त, आणि त्याचा होतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावरचा रफार. ज्या लेखकांचा कळफलक पहिल्या प्रकारे लिहितो त्यांचे लेख शाबूत राहिले, बाकीच्यांचे बिघडले. सगळीकडे बिघडलं असतं तर पहिल्या मिनिटाला दिसलं असतं. थोड्याच लेखांत बिघडलं, म्हणून सुटून गेलं.

थांबून घेतलेला निर्णय

बंद फाइलींवर चालवलेला 'रिप्लेस इन फाइल्स' कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही. मूळ फोल्डरची एक प्रत मी झिप करून ठेवली होती, त्यामुळे फाइली वाचल्या. पण मधल्या काळात ताईंनी दोन संध्याकाळी बसून चालू फोल्डरमध्ये शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या केल्या होत्या. त्या वाया गेल्या. त्यांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा करते, पण आता सगळं झाल्यावरच."

प्रश्न होता: बिघडलेलं दुरुस्त करत पुढे जायचं की मूळ प्रतीवर परत जायचं? बिघडलेल्या फाइलींत कुठला र आधी अर्धा होता आणि कुठला मुळातच रफार, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नव्हता. 'दुसर्या' ओळखता येतो, पण 'आचार्य' आणि 'सूर्य'मधला रफार खरा आहे. दोघांची अक्षरं आता एकसारखी होती. माहिती एकदा पुसली की पॅटर्न कितीही हुशार असला तरी ती परत आणत नाही. म्हणून मागे गेलो.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी कागदावर एक यादी केली, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी काम तेच. ताईंना विचारलं: या लेखांत वाचकाला कळायला हवं असं काय काय आहे? त्यांनी सांगितलं: ठळक आणि तिरपे शब्द, उपशीर्षकं, याद्या, तळटीपा, कवितेच्या ओळी, कवितेतली डावीकडची मोकळी जागा, परभाषेतली उद्धृतं. मग प्रत्येक गोष्ट फाइलीत कुठे दडली आहे ते शोधलं. जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी घाण म्हणून फेकायला निघालो होतो त्यातच होती. ठळकपणा स्टाइलमध्ये, याद्या क्लासमध्ये, कवितेची मोकळी जागा न तुटणाऱ्या स्पेसमध्ये. म्हणून कामाचा क्रमच उलटा केला: आधी अर्थ योग्य टॅगात उचलून ठेवायचा, मगच काढायला लागायचं.

दुसरी फेरी

सुरुवात विभागणीने. फाइंड इन फाइल्सने प्रत्येक वाटेची खूण शोधली (वर्डची 'एमएसओ', गूगल डॉक्सच्या मोठ्या बी टॅगावरचा खास आयडी, तिसऱ्या गटाचा फॉन्ट टॅग) आणि तीन फोल्डर केले. कविता चौथ्या फोल्डरमध्ये. त्यांच्या मोकळ्या जागांना यंत्राने हात लावायचा नाही असं ठरलं, कारण कुठली जागा कवीची आणि कुठली टंकलेखनाची हे ताईच सांगू शकत होत्या.

मग सगळं गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) घातलं. एक रिप्लेस, एक कमिट (नोंदीसह जपून ठेवलेला टप्पा). कमिटच्या नोंदीत पॅटर्न आणि बदललेल्या जागांची संख्या. रिप्लेस दाबण्याआधी 'काउंट' दाबायचं, आणि किती यायला हवेत याचा अंदाज आधी मनात बांधायचा. आकडा अंदाजापासून फार दूर असेल तर पॅटर्न चुकला आहे असं समजायचं.

पहिलं काम याद्या. वर्डच्या याद्या बहुधा खऱ्या यादीच्या टॅगात नसतात. सिंबल फॉन्टमधला एक ठिपका, त्यामागे चार-पाच न तुटणाऱ्या स्पेस, आणि परिच्छेदाला 'यादीतला परिच्छेद' असा क्लास. क्लास असेपर्यंतच त्या ओळखू येतात. म्हणून आधी त्या परिच्छेदांना खऱ्या यादीच्या टॅगात आणलं, मग ठिपका काढला.

मग कमेंट, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या नोंदी. वर्ड आपल्या फाइलीत सशर्त कमेंटचे मोठे ठोकळे घालतो. पॅटर्न <!--.*?-->, आणि 'डॉट मॅचेस न्यूलाइन' चालू. त्या प्रश्नचिन्हावर सगळं अवलंबून आहे. ते नसेल तर .* अधाशी असतं: पहिल्या कमेंटच्या सुरुवातीपासून फाइलीतल्या शेवटच्या कमेंटच्या शेवटापर्यंत सगळं, म्हणजे मधला लेखही, पकडतं. प्रश्नचिन्ह लावलं की ते पहिल्या शेवटाशी थांबतं.

आता ठळक शब्द. ७०० जाडीचे स्पॅन शोधून त्यांचं 'स्ट्राँग' करायचं. इथे मी पुन्हा चुकलो, पण या वेळी चूक एका कमिटपुरती राहिली. पॅटर्न असा लिहिला: <स्पॅन.*?७००.*?>(.*?)</स्पॅन>. प्रश्नचिन्हं लावली, म्हणजे झेप आखूड राहील असं वाटलं. पण आखूड झेप फक्त शेवटाला लागू होते, सुरुवातीला नाही. शोध डावीकडून सुरू होतो. तिथे एक साधा स्पॅन सापडतो. त्यात ७०० नाही, म्हणून .*? पुढे सरकत राहतं, तो टॅग ओलांडतं, मजकूर ओलांडतं, आणि दोन वाक्यांनंतरच्या स्पॅनमधल्या ७०० वर जाऊन थांबतं. मधलं सगळं त्या एका जुळणीत गिळलं जातं. बदलात फक्त कंसातला भाग ठेवला की ती दोन वाक्यं गेली. काउंट मला वाटलं होतं त्याच्या निम्मा आला, म्हणूनच हे पकडलं गेलं.

दुरुस्त पॅटर्नमध्ये टिंबाच्या जागी कुंपण घातलं: <स्पॅन[^>]*७००[^>]*>([^<]*)</स्पॅन>. [^>] म्हणजे > सोडून काहीही, म्हणून तो टॅगाबाहेर पडूच शकत नाही. [^<] मुळे पोटात दुसरा टॅग नसलेला, सर्वांत आतला स्पॅनच सापडतो. बदलाच्या चौकटीत स्ट्राँगच्या उघड-बंद टॅगांमध्ये $१, म्हणजे कंसात पकडलेला मजकूर (चौकटीत टाकताना आकडे इंग्रजी). एकदा चालवलं की आतल्या थराचे स्पॅन संपतात. पोटात दुवा वगैरे असलेले उरतात. ते मोजून हाताने केले. तिरप्या अक्षरांनाही हीच रीत.

परभाषेतल्या उद्धृतांचे स्पॅन ठेवायचे होते, बाकीचे काढायचे. पण बंद होणारे टॅग सगळे सारखेच. कुठला ठेवायचा ते रेजेक्सला कळत नाही. म्हणून ठेवायच्या जोड्यांची आधी खूण केली: उघडणाऱ्याच्या जागी ⟦ आणि भाषेचं नाव, बंद होणाऱ्याच्या जागी ⟧. ही चिन्हं मजकुरात कुठेही नाहीत हे आधी शोधून बघितलं. मग उरलेले सगळे स्पॅन, उघडणारे आणि बंद होणारे, बिनधास्त उडवले, आणि खुणांच्या जागी टॅग परत आणले.

त्यानंतरच स्टाइल आणि क्लास गेले. मोठा बी टॅग त्याच्या आयडीवरून नेमका शोधून काढला. पहिल्या फेरीत जिथून सुरुवात केली होती, तिथे आता काम जवळजवळ संपत आलं होतं.

अदृश्य अक्षरांत फक्त शून्य रुंदीची जागा आणि मऊ जोडरेघ काढली. र, हलन्त, जोडक अशी तिकडी जिथे होती तिथे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त केलं, म्हणजे शोधतानाही एकच रूप सापडेल. इतर शब्दांतले जोडक आणि विजोडक (अक्षरं जोडू न देणारं अदृश्य अक्षर) जसेच्या तसे ठेवले. 'खडान्‌खडा'सारख्या शब्दात मधला हलन्त उघडा दिसतो तो याच विजोडकामुळे.

उपशीर्षकांना मात्र 'रिप्लेस ऑल' नाही. एकाकी ठळक परिच्छेद शोधून एकेक बघितला, कारण त्यांत लेखकांची नावं होती, लेखाखालच्या तारखा होत्या, एका कथेत पाटीवरचा मजकूर होता. ताई शेजारी बसून "हो", "नाही" सांगत गेल्या. दोन संध्याकाळी गेल्या आणि त्या घालवायलाच हव्या होत्या.

मजकूर ताडून पाहणं

टॅग बदलले तरी शब्द बदलता कामा नयेत. हे तपासायला मूळ आणि साफ केलेल्या फाइलींच्या वेगळ्या प्रती केल्या. दोन्हींतून आधी कमेंट आणि मग <[^>]*> काढून नुसता मजकूर ठेवला. मुळातही अर्ध्या र चं रूप आणि स्पेस सारख्या करून घेतल्या, आणि गिटच्या शब्दागणिक फरक दाखवणाऱ्या सोयीने ताडून पाहिलं. यादीचे ठिपके वेगळे दिसले, ते अपेक्षितच. एका परीक्षणात मात्र एक पूर्ण वाक्य कमी निघालं. ते हाताने केलेल्या दुरुस्त्यांपैकी एकीत, माझ्याच हातून पुसलं गेलं होतं. यंत्राच्या चुकांसाठी लावलेल्या या चाळणीत माणसाची चूक सापडली. ही तपासणी केली नसती तर ते वाक्य कायमचं गेलं असतं, आणि लेखकाशिवाय कुणालाही ते कळलं नसतं.

शेवटी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून (एचटीएमएल तपासणारं साधन) सगळ्या फाइली नेल्या. उरलेले न बंद केलेले टॅग तिथे कळले.

काय हाती लागलं

सगळे लेख नव्या मांडणीत एकसारखे दिसू लागले. कविता आपल्या ओळींसह आणि मोकळ्या जागांसह आल्या. मोबाइलवर पडद्याबाहेर जाणं थांबलं, कारण रुंदी ठरवणाऱ्या स्टाइल आता नव्हत्याच. ताईंनी शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या पुन्हा केल्या, या वेळी गिटमध्ये.

एक गोष्ट बिघडली ती बिघडलीच. वर्डच्या तळटीपा दुव्याच्या टॅगावरच्या 'नेम' या ॲट्रिब्यूटने एकमेकींशी जोडलेल्या असतात. दुवे साफ करताना मी पत्ता सोडून बाकी सगळे ॲट्रिब्यूट काढले. टीपा पानाच्या तळाशी आहेत, आकडेही आहेत, पण आकड्यावर टिचकी मारली की खाली जात नाही. तळटीपा आमच्या यादीत होत्या. त्या फाइलीत कुठे दडल्या आहेत हे शोधायचं तेवढं राहिलं, आणि मजकुराच्या तपासणीत ते दिसणं शक्य नव्हतं, कारण शब्द सगळे जागेवर होते.

पुन्हा करायची वेळ आली तर

स्पॅन सोलण्याचं काम मी पार्सरला देईन. ब्यूटिफुल सूपमध्ये टॅग काढून आतला मजकूर ठेवणं ही एका ओळीची गोष्ट आहे, आणि खुणा करून परत आणण्याची सगळी कसरत वाचते. फाइंड-रिप्लेस तिथे ठेवीन जिथे माणसाची नजर हवी: उपशीर्षकं, याद्या, विचित्र मोकळ्या जागा.

फोल्डरवर काही चालवण्याआधी प्रत्येक वाटेच्या दोन-दोन फाइली घेईन, आणि त्या सर्वांत कुरूप निवडीन. पहिल्या फेरीत मी एक साधा, स्वच्छ लेख उघडून त्यावर पॅटर्न तपासले होते. त्यात ना यादी होती, ना कविता, ना जोडकवाला अर्धा र.

आणि तो कागद पहिल्या दिवशीच करीन, ताईंसोबत, एकही पॅटर्न लिहिण्याआधी. त्यात प्रत्येक गोष्टीपुढे एक रकाना जास्त असेल: ही गोष्ट गेली तर कळणार कशी?

तळटीपांचे दुवे सध्या एकेक लेख घेऊन हाताने जोडतोय. गिटमध्ये मूळ फाइली आहेत, त्यामुळे कुठला आकडा कुठल्या टिपेकडे जायचा ते बघता येतं. बरेच लेख झाले आहेत, थोडे बाकी आहेत.